दळण टाकलंस, पीठ बघितलंस का?

बस असा. लॅपटॉप मांडीवर नको, टेबलावर ठेव. तुझ्या आईनं फोनवर सगळं सांगितलंय मला. जुलैअखेर, रिटर्न भरायचे शेवटचे दोन दिवस, रात्रीचे अकरा, शेजारच्या काकांचा फॉर्म अर्धा भरलेला, आणि एकदम स्क्रीनवर ‘अपडेट चालू आहे, कॉम्प्युटर बंद करू नका’. पाऊण तास तू त्या गोल फिरणाऱ्या ठिपक्यांकडे बघत बसलास. मग रागारागानं कुठलासा व्हिडिओ पाहून विंडोजची अपडेटची सेवाच बंद करून टाकलीस. आणि आता म्हणतोस, आत्या, कसं शांत वाटतंय!

शांत वाटणारच. दाराची बेल नको तेव्हा वाजते म्हणून तू बेलची वायर कापलीस. येणारे यायचे थांबलेले नाहीत. ते आल्याचं तुला कळायचं थांबलंय.

मी नोकरीची सगळी वर्षं ईडीपीत काढली. आता तुम्ही त्याला आयटी म्हणता. तिथे आणि नंतर घरच्या कॉम्प्युटरवर ठेचा खाऊन जे कळलं, ते तुला फुकटात देते. सगळ्याचं सार एवढंच, की अपडेट करायचं काम खुशाल यंत्राला दे. ते झालं की नाही हे बघायचं काम मात्र देऊ नकोस. गिरणीत दळण टाकून आपण घरी येतो, तिथे उभं राहत नाही. पण पीठ घरी आलं की डब्यात ओतण्याआधी चिमटीत घेऊन बघतोच ना? तसं.

वायर मीही कापली होती

२००३ सालची गोष्ट. ऑफिसात विंडोज एक्सपीची यंत्रं होती आणि इंटरनेट म्हणजे डायल-अप. मोडेम कुंई कुंई करायचा, फोनचं बिल वाढायचं, अपडेट उतरायला तासन् तास लागायचे. मीच शहाणपणा करून सगळ्या यंत्रांवरचं आपोआप अपडेट बंद केलं. साहेबांनी कौतुकही केलं.

त्या वर्षी १६ जुलैला मायक्रोसॉफ्टनं विंडोजमधल्या एका भोकाची दुरुस्ती काढली. ११ ऑगस्टला त्याच भोकातून ब्लास्टर नावाचा वर्म जगभर पसरायला लागला. मधे जवळजवळ चार आठवडे होते. मी काहीच केलं नव्हतं.

मग यंत्रांवर एक चौकट यायला लागली: ही सिस्टीम बंद होत आहे, काम सेव्ह करा. आणि खाली ६० सेकंदांपासून उलटी मोजणी. यंत्र बंद होऊन परत सुरू होई. नेट जोडलं, की थोड्या वेळात पुन्हा तीच चौकट. दुरुस्ती उतरवायची तर नेट हवं, नेट जोडावं तर यंत्र बंद पडतंय. शेवटी कोणीतरी फोनवर युक्ती सांगितली: चौकट आली रे आली की ‘रन’मध्ये जाऊन ‘शटडाउन’, एक जागा, उणे चिन्ह आणि ‘ए’ टाइप करायचं, म्हणजे मोजणी थांबते. त्या दिवशी मी घड्याळाशी शर्यत लावल्यासारखी एकेका टेबलापाशी धावत होते. फोनचं वाचवलेलं बिल एका दिवसात वसूल झालं.

आणि हे जुनं झालं म्हणून सोडू नकोस. २०१७ मध्ये १४ मार्चला दुरुस्ती आली आणि १२ मेला वॉनाक्राय. मधे जवळजवळ दोन महिने. ब्रिटनमध्ये सरकारी रुग्णालयांना पेशंट परत पाठवावे लागले. दुरुस्ती जाहीर होते, तेव्हा भोक कुठे आहे हेही जाहीर होतं. शर्यत त्या क्षणापासून सुरू होते, आणि माणूस विसराळू असतो. म्हणून हे काम यंत्रावर सोपवायचं.

गळती काढणं वेगळं, मजला चढवणं वेगळं

अपडेट हा एकच शब्द असला तरी त्यात दोन वेगळी कामं असतात. छताची गळती काढणं हे एक. घरावर नवा मजला चढवणं हे दुसरं. गळतीची कामं, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या, तुला न विचारता झाल्या पाहिजेत. मजल्याचं काम, म्हणजे विंडोजची किंवा उबुंटू या लिनक्सची नवी आवृत्ती, ते मात्र तू सुट्टी बघून, समोर बसून, स्वतःच्या हातानं करायचं.

का, ते ऐक. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये विंडोज १० ची मोठी आवृत्ती आली. ज्यांनी स्वतःहून बटण दाबून ती ओढून घेतली, त्यांच्यातल्या काहींच्या फायलीच गेल्या. ज्यांनी डॉक्युमेंट्सचा फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर हलवला होता आणि जुन्या जागी काही फायली राहिल्या होत्या, त्यांना हा फटका बसला. कंपनीनं चार दिवसांत ती आवृत्ती थांबवली आणि नोव्हेंबरमध्ये नीट करून परत दिली. जे आपल्या पाळीची वाट बघत बसले होते, त्यांच्यापर्यंत ती पोचलीच नाही. पहिल्या पंगतीला बसायची घाई कशाला? मीठ जास्त झालंय का, ते दुसऱ्या पंगतीला कळतं.

म्हणून विंडोज अपडेटच्या पानावर ‘नवीन गोष्टी सगळ्यांच्या आधी हव्यात’ अशा अर्थाचं बटण दिसेल, ते बंद ठेव. ‘प्रिव्ह्यू’ असं लिहिलेल्या ऐच्छिक अपडेटना हात लावू नकोस. मॅकवरही ही वाटणी वेगवेगळ्या बटणांनी करता येते. उबुंटूमध्ये तर ती मुळातच आहे. तिथे ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ नावाचा गडी असतो, तो नेहमीच्या मांडणीत सुरक्षेच्या दुरुस्त्या आपल्या आपण बसवतो आणि नव्या आवृत्तीला हात लावत नाही.

दिवस त्यांचा, वेळ आपली

मायक्रोसॉफ्टच्या नेहमीच्या दुरुस्त्या २००३ च्या ऑक्टोबरपासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. तिकडे सकाळचे दहा, म्हणजे आपल्याकडे मंगळवारी रात्री साडेदहा, त्यांच्या हिवाळ्यात साडेअकरा. अपडेट अचानक आलं म्हणतोस, पण त्याची तारीख वीस वर्षं ठरलेली आहे. संकष्टीसारखी. तू कॅलेंडर बघितलं नाहीस इतकंच.

आता तुझ्या लॅपटॉपवर ‘ॲक्टिव्ह अवर्स’ बघ. आठ ते पाच. सरकारी कचेरीचे तास! तू काम करतोस रात्री बारापर्यंत. यंत्राला वाटलं, पाचनंतर पोरगा मोकळा आहे. ते तास स्वतः भर. १८ तासांपर्यंत देता येतात. सकाळी आठ ते रात्री दोन दे. तिथेच रीस्टार्टची गरज पडली की आधी कळवण्याचं बटण आहे, ते चालू कर.

आणि जुलैचा शेवट, सप्टेंबरचा शेवट, तुमच्या धंद्याचे हे दिवस तुला आधीपासून माहीत असतात. त्याच्या आठवडाभर आधी स्वतः अपडेट करून घे, रीस्टार्ट कर, आणि मग ‘पॉज’ दाब. पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं, आणि मुदत संपली की ते आपोआप परत सुरू होतं. सेवा बंद करणं आणि पॉज करणं यात हाच फरक आहे. पॉज विसरलास तरी चालतं. बंद केलेलं विसरलास की ते बंदच राहतं.

एक छुपी खोच सांगते. मोबाईलच्या हॉटस्पॉटला तू ‘मीटर्ड’ करून ठेवलंयस, डेटा वाचावा म्हणून. चांगलं आहे. पण मीटर्ड जोडणीवर विंडोज बहुतेक अपडेट उतरवतच नाही. महिनाभर हॉटस्पॉटवरच राहिलास, तर वायर न कापताही बेल बंद. महिन्यातून एकदा तरी आमच्याकडे ये, वायफाय लाव, जेवून जा.

रात्री तीनला जागं कोण असतं?

हा माझा सगळ्यात मोठा गाढवपणा. निवृत्त झाल्यावर घरच्या डेस्कटॉपवर मी लिनक्स टाकलं. ऑफिसातला सर्व्हर रात्री तीनला आपलं आपण सगळं करायचा, त्याच सवयीनं घरीही ‘क्रॉन’मध्ये ओळ लिहिली: रोज पहाटे तीन वाजता अपडेट कर. ओळ बरोबर होती. मी हात झटकले.

चार महिन्यांनी सहज नोंदी उघडल्या, तर एकही अपडेट नाही. कसं असणार? सर्व्हर रात्रभर चालू असायचा, घरचा डेस्कटॉप मी नऊ वाजता बंद करून झोपते. क्रॉन ठरलेल्या मिनिटाला जागा असेल तर काम करतो. यंत्र बंद असेल तर ती वेळ गेली, परत आठवण काढत नाही. चार महिने मला वाटत होतं दळण होऊन येतंय, आणि डबा गिरणीच्या पायरीवरच होता. गिरणीच बंद.

म्हणून घरच्या यंत्रावर स्वतः क्रॉनची ओळ लिहू नकोस. उबुंटूचे स्वतःचे टाइमर आहेत. ते सकाळी सहा-सातच्या सुमाराला चालतात, आणि तेव्हा यंत्र बंद असेल तर पुढच्या वेळी सुरू केल्यावर राहिलेलं काम उचलतात. लॅपटॉप बॅटरीवर असेल तर तो गडी काम करत नाही, चार्जर लागायची वाट बघतो. घरगुती यंत्राला असाच गडी हवा.

त्याच्या सूचनांची फाइल एकदा उघडून वाच. बहुतेक ओळींपुढे दोन तिरक्या रेघा असतात. रेघा आहेत तोवर ती ओळ नुसती टीप. रेघा काढल्या की तो हुकूम. आपोआप रीस्टार्टची ओळ अशीच झोपलेली असते, तिला झोपू दे. आणि बदल केलास की ‘ड्राय रन’ लाव. खरं काही न बसवता काय काय बसवलं असतं ते तो सांगतो. नाटकाआधीची रंगीत तालीम समज.

आधी प्रत, मग अपडेट

तुझ्याकडे लोकांचे पॅन, फॉर्म सोळा, बँकेचे उतारे आहेत. ते तुझे नाहीत, अमानत आहेत. म्हणून बाहेरच्या डिस्कवर प्रत, आणि प्रत झाली की डिस्क काढून कपाटात. जोडलेली ठेवायची नाही.

२०१७ च्या जूनमध्ये नॉटपेट्या नावाचं प्रकरण झालं. ते कुठून आत शिरलं माहीत आहे? युक्रेनमधल्या, कराचे हिशेब करायच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. म्हणजे तुझ्यासारखेच लोक, तुझ्यासारखंच काम, आणि त्यांनी केलं ते नुसतं अपडेट. तिथून ते मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या यंत्रांत गेलं, आणि आपल्या न्हावा-शेवाच्या बंदरातलं तिचं टर्मिनल अडकलं. ज्या डिस्क जोडलेल्या होत्या त्या पुसल्या गेल्या. ज्या जोडलेल्या नव्हत्या त्या वाचल्या. त्यामुळे आपोआप अपडेटचा परवाना देताना हात आखडता ठेव: फक्त विंडोजला, ब्राउझरला, अँटिव्हायरसला. वापरात नसलेली सॉफ्टवेअर काढूनच टाक. आणि ब्राउझरच्या पानावर ‘तुमचा कॉम्प्युटर जुना झाला, इथे दाबा’ असं नाचत आलं, तर ते पान बंद कर. खरं अपडेट सेटिंग्जमध्ये असतं, जाहिरातीत नसतं.

लिनक्सवर टाइमशिफ्ट वापरत असलास तर उत्तम, पण ते सिस्टीमची प्रत ठेवतं. तुझ्या घरच्या फोल्डरला नेहमीच्या मांडणीत ते हात लावत नाही. फायलींची प्रत वेगळी घ्यायची.

आणि विंडोजच्या बिटलॉकर या डिस्कच्या कुलपाची ४८ आकडी किल्ली आज कागदावर उतरव. एखाद्या अपडेटनंतर यंत्र सुरू होताना ती मागतं, आणि ती त्याच लॅपटॉपात ठेवलेली असली तर किल्ली आत आणि आपण बाहेर.

विरजण लावलं की भांडं हलवायचं नाही

टक्केवारी ३० वर अडकली म्हणून पॉवरचं बटण दाबून धरणारे मी किती बघितलेत! अपडेट म्हणजे जुन्या फायली काढून नव्या बसवण्याचं काम. मधेच वीज गेली तर निम्म्या जुन्या, निम्म्या नव्या. पुष्कळदा यंत्र स्वतःला सावरतं, पण नशिबावर कशाला सोडायचं? तास-दीड तास हात लावू नकोस.

आपल्याकडे लाइट जाते, हे धरून चाल. लॅपटॉप चार्जरला लाव. बाबांचा डेस्कटॉप मात्र बॅटरीवाचून आहे. इन्व्हर्टर आहे म्हणशील, पण लाइट जाऊन इन्व्हर्टर लागेपर्यंतच्या क्षणात डेस्कटॉप बंद पडू शकतो. त्याला छोटा यूपीएस घे. आणि बायोस, म्हणजे फर्मवेअरचं अपडेट पावसाळ्यात ढग भरून आलेले असताना करायचं नाही. ते अर्ध्यावर गेलं तर यंत्र सुरूच होणार नाही, असंही होतं.

झाकण मिटणं म्हणजे रीस्टार्ट नव्हे

तू लॅपटॉप बंद कधी करतोस? झाकण मिटतोस, ती झोप झाली. बऱ्याच दुरुस्त्या रीस्टार्ट झाल्याशिवाय लागू होत नाहीत. लिनक्सचं नवं कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, उतरून बसलेलं असतं, पण चालत असतं जुनंच. विंडोजमध्ये तर आणखी गंमत: ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावरही आतलं बरंच जपून ठेवलं जातं. खरी आंघोळ ‘रीस्टार्ट’नेच होते. आठवड्यातून एकदा, शनिवारी रात्री, रीस्टार्ट.

बिघडलंच तर

तू म्हणशील, आत्या, १९ जुलै २०२४ ला अपडेटनंच जग बंद पाडलं होतं की! पाडलं होतं. ८५ लाख विंडोज यंत्रं पडली, आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हातानं लिहून दिले. पण ते विंडोजचं अपडेट नव्हतं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची सदोष फाइल होती, आणि ती सगळ्यांकडे एकाच दमात गेली. आपण त्यातून घ्यायचं ते इतकंच, की घरातली दोन यंत्रं एका दिवशी अपडेट करायची नाहीत. एक पडलं तर दुसऱ्यावर उपाय शोधता आला पाहिजे.

पडलं तर घाबरायचं नाही. छोटं अपडेट असेल तर अपडेटच्या इतिहासात जाऊन ते काढता येतं. मोठी आवृत्ती असेल तर साधारण १० दिवसांच्या आत मागे जाता येतं. त्या दिवसांत डिस्क साफ करायच्या भरात जुन्या विंडोजचा फोल्डर उडवू नकोस. उबुंटूत सुरू होतानाच्या यादीत जुनं कर्नल निवडता येतं. आणि पुष्कळ अपडेट फसतात ती केवळ डिस्क भरलेली असते म्हणून. निदान २५ जीबी मोकळी ठेव. लग्नांचे व्हिडिओ दुसरीकडे हलव.

नळ आटला हे नळ सांगत नाही

आपोआप चालणाऱ्या गोष्टीचा सगळ्यात मोठा दोष हा, की ती थांबली तरी घर शांतच असतं. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वाढीव मुदतीसाठी वेगळी नोंदणी करावी लागते. ज्यांनी ती केली नाही त्यांची यंत्रं दुसऱ्या दिवशीही तशीच सुरू झाली. दुरुस्त्या मात्र यायच्या बंद झाल्या. उबुंटूच्या एलटीएस आवृत्तीला नेहमीचा आधार ५ वर्षांचा, २२.०४ ला एप्रिल २०२७ पर्यंत. अशा तारखा औषधाच्या बाटलीवरच्या तारखेसारख्या आपणच वाचून ठेवायच्या.

म्हणून ही वही. आणि हे कॅलेंडर. दर महिन्याच्या १३ ते १९ तारखांमध्ये जो रविवार येतो, त्यावर मी पेन्सिलनं ठिपका देते. दुसऱ्या मंगळवारनंतरचा तोच रविवार. पाच दिवसांत अपडेट बसलेलंही असतं, आणि त्यात काही खोट असेल तर बोभाटाही झालेला असतो. चहाचा कप घेऊन बसते आणि चार गोष्टी बघते: शेवटचं अपडेट कोणत्या तारखेला यशस्वी झालं, काही फसलंय का, रीस्टार्ट राहिलाय का, डिस्कमध्ये जागा किती. प्रत घेतल्याची तारीख शेजारी लिहिते. चहा संपायच्या आत होतं. ते चार महिने मी ही दहा मिनिटं दिली असती, तर पहिल्याच महिन्यात कळलं असतं.

तुझ्यासाठी एक पान सोडलंय. वर लिही, बाबांचा डेस्कटॉप. खाली, तुझा लॅपटॉप. दोघांचे रविवार वेगळे ठेव.

आता तो लॅपटॉप इकडे फिरव. चार्जर लाव आधी. आणि जी सेवा तू बंद केलीस ना, ती माझ्यासमोर सुरू कर. महिन्याभराचं साचलंय, वेळ लागेल. तोवर पोहे करते, तू मात्र बटणाला हात लावू नकोस.